फेब्रुवारीचे शंभर रुपये

हिंगणा एमआयडीसीतला छोटा कारखानदार पगाराचे सॉफ्टवेअर बदलतो तेव्हा पहिला घोळ माणसे मोजण्यातच होतो. वीस माणसे झाली की भविष्य निर्वाह निधी लागू होतो, म्हणून हजेरीपट एकोणीसवरच अडवलेला असतो. नवे सॉफ्टवेअर मात्र भोळे. ते मालकाच्या मेहुण्यालाही मोजते.

विक्रेता म्हणतो, "एक क्लिक, की पगार जमा." क्लिक होते. मग कळते, आधारवर वडिलांचे नाव मध्ये आहे, पीएफच्या खात्यात शेवटी, आणि बँकेत नाहीच. तिकडे चलनाची १५ तारीख कुणासाठी थांबत नाही.

खरी परीक्षा फेब्रुवारीत. महाराष्ट्रात व्यवसाय कर अकरा महिने २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००. राज्यघटनेने वर्षाला २,५०० रुपयांची मर्यादा घातली आहे आणि सरकारला त्यातला एक रुपयाही सोडवत नाही. सर्वांत लहान महिन्यात सर्वांत मोठी कपात, हे परप्रांती प्रोग्रॅमच्या पचनी पडत नाही. तो २०० कापून मोकळा होतो.

"काहून बा, म्या सांगतलं होतं ना!" म्हणत अकाउंटंट काका जुनी एक्सेल उघडतात. ताळा जमेपर्यंत दोन्ही पद्धती सोबत चालवायच्या, असे ठरते. ताळा काही जमत नाही. वर्गणी सॉफ्टवेअरला जाते, पगार एक्सेलवर होतो. पूर्वी एकच काम होते, आता दोन झाली. मालक याला डिजिटल प्रगती म्हणतो.