टपाचे अस्तर: जुन्या सनरूफवाल्या गाडीविषयी जामला पत्र

मु. पो. जाम, ता. समुद्रपूर, जि. वर्धा

ती. आबा व सौ. आई यांस,


मोटारीच्या टपाला आतून जे मऊ अस्तर असते, त्याला रूफ लायनिंग म्हणतात. दिसायला ते नुसते कापड, पण त्याचे थर तीन: वरचे पातळ कापड, त्याला पाठीमागून जोडलेला सुमारे 3 मिलिमीटर जाडीचा फोम आणि हे दोन्ही ज्यावर चिकटवतात ती साच्यात घडवलेली कडक पाटी. गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर ह्यूस्टनच्या जावईबापूंनी डोक्यावरून पदर घेतल्यासारखे दिसत होते, तो पदर हाच. त्यांची गाडी म्हणजे 1980च्या दशकातली पोर्शे 944. तिचे इंजिन पुढे आणि गिअरबॉक्स मागे असतो, त्यामुळे वजन दोन्हीकडे सारखे वाटले जाते. अस्तर मात्र सगळे पुढच्या सीटवर उतरले होते.

सर्व जुन्या गाड्यांत ही रचना नव्हती. पूर्वी टपाखाली आडव्या तारांच्या कमानी बसवून त्यांवर शिवलेले कापड ताणत. मॉरिस ऑक्सफर्डवरून आलेली अँबॅसडर ह्याच घराण्यातली. ते कापड मळे, उसवे, पण गळ्यात पडत नसे. फोमचे अस्तर लवकर बसते, स्वस्त पडते आणि मऊ दिसते, म्हणून कारखानदारांना ते आवडले. पंचवीस-तीस वर्षांनंतरचा विचार कारखानदाराने करण्याचे कारण नव्हते.

दोष कापडाचाही नाही आणि आबा म्हणतात तसा डिंकाचाही नाही. फोम पॉलियुरेथेनचा असतो. हे रसायन ओटो बायर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1937 साली जर्मनीत शोधले. त्याचा पॉलिएस्टर जातीचा फोम दमट हवेत हळूहळू विघटित होतो, कारण पाण्याची वाफ त्याच्या रेणूंच्या साखळ्या तोडते. उष्णतेने हे काम आणखी वेगात होते. वर्ध्याचा मे महिना कोरडा असतो. ह्यूस्टनला ऊन आणि समुद्राचा दमटपणा हे दोघेही मिळून येतात. काही वर्षांनी फोमची भुकटी होते. कापड एकीकडे, पाटी दुसरीकडे, आणि मध्ये धरून ठेवणारे कोणीच उरत नाही.

म्हणूनच नातेवाइकांनी सुचवलेले उपाय टिकत नाहीत. टाचण्या मारल्या की त्या पाटीत रुततात, पण आजूबाजूचे कापड फुगतच राहते आणि टप गादीसारखा दिसू लागतो. कापडाच्या पाठीमागे सुईने डिंक भरला तर तो भुकटीला चिकटतो. भुकटी कशालाच चिकटलेली नसल्यामुळे या व्यवहारातून कोणाच्याच पदरात काही पडत नाही. अस्तर पाटीसकट काढावेच लागते.

त्यासाठी सन व्हायझर, आतला दिवा, दारांवरच्या पट्ट्या आणि खांबांची प्लास्टिकची आवरणे उतरवावी लागतात. चाळीस वर्षांच्या प्लास्टिकला वाकण्याची सवय राहिलेली नसते. क्लिपा मोडतात, त्या आधीच मागवून ठेवाव्यात. ह्या वयाच्या गाडीत टपाच्या कडेला एअरबॅग नसते, एवढा एक दिलासा. व्होल्व्होने पडद्यासारखी एअरबॅग 1998 साली एस-80 मध्ये आणली. तशा नव्या गाड्यांच्या खांबांना घरी हात लावू नये. 944ला मागे काचेचे मोठे झाकण आहे, तेवढ्या वाटेने पाटी न वाकवता बाहेर येते. ती मोडली तर नवीन मिळणे कठीण.

यापुढचे काम कंटाळवाणे आहे आणि सगळा निकाल त्यावरच ठरतो. जुने कापड एका ओढीत निघते, पण पाटीवर नारिंगी-पिवळी भुकटी राहते. ती नायलॉनच्या ब्रशने पूर्ण खरवडावी लागते. तारेचा ब्रश पाटीचे तंतू उपटतो. तोंडाला मास्क लावावा आणि काम अंगणात करावे. ह्यूस्टनच्या घरात ते दिवाणखान्यात झाले; आईने विचारलेली सांडलेली हळद म्हणजे हीच भुकटी. भुकटीचा एखादा पट्टा राहिला तर नवे अस्तर नेमके तिथून सुटते.

डिंकाच्या बाबतीत काटकसर करू नये. उन्हात बंद गाडीचा टप इतका तापतो की साधा स्प्रे डिंक मऊ पडतो. टपासाठी उष्णता सोसणारा वेगळा डिंक मिळतो. तो पाटीला आणि अस्तराच्या फोमला, दोन्हीकडे फवारायचा आणि बोटाला चिकटतो पण बोटावर येत नाही इतका सुकू द्यायचा. मग कापड अर्धे दुमडून ठेवावे आणि मधोमध सुरुवात करून तळहाताने कडेकडे सरकत बसवावे. खळग्यांत आधी दाबावे. वरून ताणले तर खळग्यावर तंबू होतो आणि एकदा धरलेला डिंक पुन्हा उचलू देत नाही.

आता सनरूफ. «टपाले भोक पाडून वरून झाकण कायले?» हा आबांचा प्रश्न जामच्या चौकातून, पारा 45 अंशांवर असताना विचारलेला असल्यामुळे रास्त आहे. पण ही गाडी जर्मनांची आहे आणि तिथे ऊन दिसले की लोक ते आत घेतात. 944चे झाकण मोटरने मागून उचलले जाते, आणि हवे तर हातांनी काढून मागच्या जागेत ठेवता येते. अस्तराच्या दृष्टीने ह्या भोकामुळे सगळ्यात नाजूक शिवण पडते. कापड आधी पूर्ण चिकटवावे, भोक नंतर कापावे. काठाशी दोन बोटे कापड राखावे, गोलाईत छोटे छेद द्यावेत आणि ते मागे वळवून डिंकाने धरावे. छेद काठापर्यंत नेला तर तो समोरून दिसतो. झाकणाला आतून स्वतंत्र अस्तर असते, त्याचे कापड त्याच थानातले घ्यावे, नाहीतर रंगात फरक पडतो.

गाडी पुन्हा बांधण्याआधी पाणी तपासावे. सनरूफ पाणी पूर्ण अडवत नाही. आत शिरलेले पाणी चौकटीच्या पन्हळीत जमते आणि नळ्यांवाटे खाली गाडीबाहेर जाते. नळी पाल्यापाचोळ्याने तुंबली की नव्या अस्तरावर तपकिरी डाग येतो आणि फोमची जुनी गोष्ट नव्याने सुरू होते. पन्हळीत तांब्याभर पाणी ओतून ते चाकांजवळ गळते का पाहावे. तुंबलेली नळी गवत कापण्याच्या यंत्रातल्या नायलॉन दोरीने मोकळी करावी. हवेचा दाब मारल्यास नळी आतल्या आत निसटते आणि सगळे अस्तर परत उतरवावे लागते.

गाडी चालते का, हा आईचा प्रश्न इंजिनाच्या प्रकरणात येतो. त्यावर वेगळे पत्र येईल.