बोलू नकोस, मोजतेय

आमच्या काकीला हाक मारण्याआधी तिच्या ओठांकडे बघावं लागतं. ओठ हलत असतील तर गप्प बसायचं. दूध उतू जात असलं तरी ते ओळ संपल्यावर सांगायचं. तेवढ्यात कुणी तोंड उघडलंच, तर क्रोशाची सुई धरलेला हात वाहतूक पोलिसासारखा वर जातो आणि इतका वेळ मनात चाललेले आकडे मोठ्यानं ऐकू येऊ लागतात, "सतरा, अठरा, एकोणीस..." अंबाडी नाक्यावरून वाड्याकडे जाणारे ट्रक दिवसभर खड्ड्यांत आदळत असतात, त्यांचं तिला काही नाही. माणसाच्या आवाजानं मात्र मोजणी चुकते.

काकी ग्राफवरून चित्रं विणते. तिच्या वयाच्या बायकांसारखीच तीही रुखवतातल्या 'सुस्वागतम'च्या तोरणापासून सुरू झाली. भरीव घर, पोकळ घर, भरीव घर. दोन घरं आणि एकच रंग, त्यामुळे चुकायला फारसा वाव नव्हता. मग कुणीतरी तिला रंगीत ग्राफ दाखवला आणि ती टेबलावरच्या रुमालांतून थेट ब्लँकेटात शिरली. अंबाडीत थंडी पडते ती जेमतेम पंधरा-वीस दिवस. म्हणजे मे महिन्यात, वीज गेलेली असताना, मांडीवर लोकरीचा ढीग घेऊन घाम पुसत बसलेली बाई दिसली, तर ती आमची काकी समजावी.

पहिल्या ब्लँकेटवर हत्ती काढायचा होता. ग्राफमधलं घर चौरस असतं, पण क्रोशाचा खांब रुंदीपेक्षा चांगलाच उंच. हत्ती उंच होत गेला, सोंड लांबली, आणि शेवटी जो प्राणी निघाला तो आमच्याकडे 'काकीचा उंट' म्हणून ओळखला जातो. त्यावर सध्या मांजर झोपतं. तेव्हापासून काकी चित्रासाठी फक्त मुके खांब घालते. ते बुटके आणि जवळजवळ चौरस, त्यामुळे हत्ती हत्तीच राहतो. "हे कुणी आधी सांगत नाही रे, उंट झाल्यावरच कळतं," असं ती प्रत्येक नवशिकीला आधीच सांगते.

हा नाद नुसत्या हातात राहत नाही, डोळ्यांत चढतो. बाथरूमच्या फरशा, खिडकीचं ग्रिल, कॅलेंडर, काहीही दिसलं की काकी त्यात घरं मोजायला लागते. एका लग्नात नवरीच्या शालूच्या पदरावरचा मोर किती घरांचा आहे हे मोजता मोजता मंगलाष्टकं संपली. तिच्या मुठीतल्या अक्षता तशाच घरी आल्या.

काकांनी उमेदीची सगळी वर्षं भिवंडीत मागावर काढली. साधं कोरं कापड, मैलोन् मैल. नक्षीचा माग त्यांच्या वाट्याला आला नाही, पण माहिती सगळी. "जोसेफ मारी जॅकार्ड, फ्रान्सचा," ते सांगतात, "1804 साली त्यानं असा माग काढला, की पुठ्ठ्याला भोकं पाडायची आणि कुठला धागा उचलायचा ते पुठ्ठ्यानंच सांगायचं. तुझा पुठ्ठा कुठाय?" काकी माझ्याकडे बोट दाखवते.

कारण ओळी वाचून दाखवण्याचं काम माझं. "ओळ एक्केचाळीस, उजवीकडून, बारा पांढरी, तीन विटकरी..." पुढची ओळ डावीकडून, कारण विणकाम उलटतं. एकदा मॅच लावून वाचत होतो. चेंडू सीमेपार गेला आणि मी ओरडलो, "चार!" काकीनं चार घातली. आठ ओळींनंतर ते लक्षात आलं. ती रागावली नाही. सुई काढली, धागा ओढला आणि सर्र सर्र आठही ओळी उसवल्या. "उसवलं तरी लोकर तीच राहते रे." हे ऐकून मला जी शरम वाटली, ती ओरडा खाऊन वाटली नसती.

जरा जमिनीवर यावी म्हणून मी एकदा तिला सांगितलं, की 2016 साली चेन्नईत बायकांनी मिळून 11,148.5 चौरस मीटरचं क्रोशाचं ब्लँकेट केलं, गिनीजमध्ये नोंद आहे. "चित्र कसलं?" तिनं विचारलं. म्हटलं, तुकडे विणून जोडले. "मग मोजलं काय त्यांनी?"

यंदा माझ्या बहिणीच्या बाळासाठी वज्रेश्वरीचं देऊळ घेतलं होतं. चिमाजी अप्पांच्या 1739च्या वसईच्या विजयानंतरचं देऊळ, किल्ल्यासारखा नगारखाना. चौकोनांत छान बसणारं. 140 घरं रुंद, 180 ओळी. पण देवळाला पायऱ्या 52. ग्राफमध्ये होत्या वीस. "देवीच्या पायऱ्या कमी करणारी मी कोण?" म्हणत काकीनं दर पायरीला दोन ओळी दिल्या. 104 ओळी पायऱ्यांतच गेल्या. उरलेल्या 76 ओळींत देऊळ, कळस आणि आभाळ दाटीवाटीनं उभे राहिले.

वैशाखात बारसं झालं. पंखा पाचवर, बाळ नुसत्या लंगोटावर आणि पाळण्याच्या दांडीवर लोकरीचं ब्लँकेट. काकी पाहुण्यांना धरधरून फाटकापाशी नेऊन उभं करत होती. "लांबून बघा. आता डोळे बारीक करा." एका मावशींनी डोळे बारीक केले, पुष्कळ वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "शिडी छान जमलीय हो!"

काकी काही बोलली नाही. काका मघापासून फाटकापाशीच उभे होते. हवेत बोट हलवत खालून वर काहीतरी मोजत होते. "अगं," ते तिथूनच म्हणाले, "एक्कावन्नच भरतायत."

काकीचे ओठ हलायला लागले. आत्या बाळाच्या कानात नाव सांगायला वाकली होती, ती तशीच थांबली.