देवपद हवं, देवाचं काम नको

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ 1974 साली अमेरिकेत निघाला आणि तेव्हापासून त्यातल्या खलनायकांना देव व्हायची घाई झाली आहे. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, कुणी योद्धा होतो, कुणी मांत्रिक, आणि खेळ चालवणाऱ्या सूत्रधाराच्या पोतडीत एक खलनायक असतो. नुसतं राज्य मिळवून त्याचं भागत नाही, थेट देवत्व लागतं. ते कशाला, हे सूत्रधाराला सुचलं नाही तर त्याचीही सोय आहे. 2014 साली निघालेल्या सूत्रधाराच्या पुस्तकात खलनायकाच्या हेतूंचा तक्ताच दिला आहे: अमरत्व, वजन, जादू, हाहाकार, प्रेम, सत्ता, सूड, संपत्ती. आठ पैलूंचा फासा टाकायचा, पडेल तो हेतू उचलायचा. आमचा हिरण्यकशिपू मंदार पर्वताच्या दरीत हात वर करून अंगठ्यांवर उभा राहिला, अंगावर वारूळ चढलं, मुंग्यांनी मांस खाल्लं, तेव्हा कुठे त्याचा अर्ज पुढे सरकला. असो, घाईबद्दल माझं काही म्हणणं नाही. म्हणणं आहे ते त्या तक्त्याबद्दल. त्यात देवाला रोज जे काम करावं लागतं त्याचा साधा उल्लेख नाही. देव व्हायला निघालेल्या एकाही खलनायकाला मुळात देव व्हायचंच नसतं, देवाच्या सवलती तेवढ्या हव्या असतात, असं माझं मत आहे.

पुरावा त्यांनीच लेखी देऊन ठेवला आहे. पुराणांतले वर वाचून पाहा. हिरण्यकशिपू म्हणतो, मला घरात मरण नको, बाहेर नको, दिवसा नको, रात्री नको, जमिनीवर नको, आकाशात नको, माणसाकडून नको, पशूकडून नको. रावण देव, दानव, यक्ष, नाग अशी यादी देतो आणि माणसाला मोजायला विसरतो. महिषासुराला वाटलं, बाईमाणूस काय करणार! प्रत्येकानं आपल्याला कशापासून सूट हवी ते सांगितलं. माझ्या राज्यात मृग वेळेवर बरसू दे, असं एकानंही मागितलं नाही. यावर भागवत वाचलेला कुणी म्हणेल की हिरण्यकशिपूच्या राज्यात जमीन न नांगरता पिकत होती, हे का सांगत नाही? सांगतो. पिकत होती, पण ती त्याच्या धाकानं. काम बिचारी जमीन करत होती आणि हे साहेब इंद्राच्या महालात बसून मद्य पीत होते.

आता असा एखादा खलनायक जालना जिल्ह्यातल्या जाफराबादला आणून बसवू. जागा उत्तम आहे. पूर्णा आणि खेळणा या नद्यांचा संगम आहे, जुनी गढी आहे, मोगलांच्या जाफरखान जहागीरदाराचं नाव गावाला आधीच चिकटलेलं असल्यामुळे सत्ताधीशांची सवय आहे. खलनायक गढीवर चढला, काळे ढग गोळा केले, मी आता देव आहे असं गरजला. पहिला प्रश्न येईल, पाऊस कधी? कपाशी लावून बसलेल्याला तो आज हवा, वीटभट्टीवाल्याला आणखी आठ दिवस नको, लग्नाचा मांडव घातलेल्याला रविवार सोडून कधीही चालेल. टेंभुर्णीत पडला आणि माहोऱ्यात नाही पडला, तर देवानं टेंभुर्णीकरांचा पैसा खाल्ला अशी बोलवा दुपारपर्यंत होईल. जुलैत उघडीप पडली की दुबार पेरणीचं कोण बघणार? सप्टेंबरात जास्त झाला की सोयाबीनला शेंगेतच कोंब फुटणार आणि पंचनाम्याला देवानं स्वतः यावं अशी मागणी होणार. मग पैसेवारी पन्नासच्या आत लावा, म्हणून शिष्टमंडळ गढीवर. त्याच्या मागे पोराचं लग्न जमत नाही म्हणून आलेल्या आया.

खऱ्या देवाचं हे सगळं निभतं, कारण तो बोलत नाही. मूर्तीसमोर कितीही गाऱ्हाणं घाला, ती गप्प असते, आणि त्या गप्प बसण्यातून ज्याला हवं ते ज्यानं त्यानं ऐकावं. खलनायकाचं तिथेच फसतं. त्याला भाषणाची खोड असते. जगाचा अंत करण्याआधीसुद्धा तो योजना समजावून सांगतो. असला प्राणी शिष्टमंडळाला तारीख देऊन बसणार आणि दिलेली तारीख आपल्याकडे कुणी विसरत नाही.

देवपद प्रत्यक्ष मिळालेल्यांची उदाहरणंही हेच सांगतात. नहुषाला इंद्राचं आसन मिळालं. त्यानं केलं काय? इंद्राच्या बायकोचा, शचीचा हट्ट धरला, पालखीला ऋषी जुंपले आणि वेग कमी पडतो म्हणून अगस्त्यांना लाथ मारली. म्हणजे पद मिळाल्यावर पहिलं लक्ष गाडीकडे. शापानं तो अजगर झाला. खेळाच्याच फरगॉटन रिल्म्स नावाच्या दुनियेत जर्गल म्हणून मृत्यूचा देव आहे. बेन, भाल आणि मर्कुल हे तीन महत्त्वाकांक्षी मर्त्य त्याचं सिंहासन बळकावायला मोठ्या तयारीनं गेले, तर तो म्हणाला, घ्या बाबांनो, मला कंटाळा आलाय. तिघांनी खेळ खेळून खाती वाटून घेतली आणि जर्गल मेलेल्यांची नोंद ठेवणारा कारकून म्हणून खुशीनं तिथेच राहिला. ही कथा रचणाऱ्याला सरकारी कचेरी माहीत असावी.

सगळ्यात जोरदार आक्षेप तत्त्ववादी खलनायकांचा. त्यांना स्वतःसाठी काही नको, जग सुधारायचं असतं. 2018 सालच्या सिनेमातला थॅनोस घ्या. अन्न पुरत नाही म्हणून त्यानं चुटकी वाजवून अर्धी जीवसृष्टी नाहीशी केली. त्याच चुटकीत अन्न दुप्पट करता आलं असतं, पण मग ते साठवणं आणि वाटणं आलं, रेशनच्या दुकानासमोरची रांग आली. पुढच्याच सिनेमात हा गृहस्थ दूरच्या एका ग्रहावर शेती करताना सापडतो, शक्तीचे मणीही त्यानं नष्ट केलेले. शेतीची हौस होती तर जाफराबाद तालुक्यात करायची होती. तिथं त्या ग्रहावर ना बाजार समिती, ना पीकविमा, ना बोंडअळी.

बळीराजाचं नाव कुणी काढेल, आणि काढावंच. त्यानं इंद्राचं राज्य घेतलं आणि ते चालवलंही. म्हणून तर आपण त्याला खलनायक मानत नाही. दिवाळीत त्याचं राज्य परत यावं असं म्हणतो आणि शेतकऱ्यालाच त्याच्या नावानं हाक मारतो. काम करणारा सापडला तर तो असुर होता, हे लोक तीन पावलांत विसरतात. उलट उदाहरण लोणारचं, ते जाफराबादपासून फार लांब नाही. तिथं लवणासुर जमिनीखाली दडून बसायचा आणि विष्णूनं दैत्यसूदन होऊन त्याला मारलं, असं सांगतात. वैज्ञानिक म्हणतात, बेसाल्टवर उल्का आदळून ते विवर झालं. लवणासुराला नक्की काय हवं होतं, हे मात्र कुणी विचारत बसत नाही. त्यानं कुणाच्या शेताला पाणी दिल्याची आठवण कुणाला नाही, विषय संपला.

राहता राहिला कुंभकर्ण. ब्रह्मदेव पुढ्यात उभा असताना त्यानं झोप मागितली, आणि सरस्वती जिभेवर बसली म्हणून घोटाळा झाला असं सांगतात. मला ते पटत नाही. रोज नवे तपस्वी, त्यांच्या नव्या अटी आणि त्यावर देवांच्या तक्रारी ऐकून दमलेला तो चार तोंडांचा म्हातारा जवळून बघितल्यावर एखाद्या समंजस राक्षसाला झोपच मागावीशी वाटली असेल, तर त्यात सरस्वतीला कशाला ओढायचं?