वाघाची वेणीफणी

1933 सालचा ‘किंग काँग’ पुन्हा बघायचा योग आला, तर त्या वानराच्या दातांकडे बघू नका, छातीकडे बघा. तो नुसता उभा असला तरी अंगावरचे केस आपले वळवळत असतात. वारा नाही, काही नाही. न्यूयॉर्कच्या इमारतीवर चढणारा हा काँग मुळात हातभर उंचीची बाहुली. तिच्या अंगावर सशाची कातडी चढवलेली. एकेका चौकटीसाठी तिचा हात तसूभर सरकवायचा, चित्र घ्यायचं, पुन्हा सरकवायचा. आणि दर वेळी सरकवणाऱ्याची बोटं केसांत उमटायची. ती लपवायची काही सोय नव्हती. पण चित्रपट पाहून लोक म्हणाले म्हणे, ‘काय राग आलाय बघा त्याला, केस कसे फुलारलेत!’ अशी फळणारी चूक फार थोड्यांच्या नशिबी असते. वेस अँडरसन या दिग्दर्शकाने तर 2009च्या ‘फँटास्टिक मिस्टर फॉक्स’मध्ये कोल्होबांच्या अंगावरची ही वळवळ हौसेने राखली.

संगणक आला आणि बोटं गेली. बोटांबरोबर विस्कटणंही गेलं, आणि तिथून पडद्यावर केस उगवण्याच्या धंद्याचं खरं दुखणं सुरू झालं. संगणकाला शिस्तीची भारी आवड. त्याला केस लाव म्हटलं की एका लांबीचे, एका जाडीचे, सारख्या अंतरावरचे आणि एकाच बाजूला झुकलेले केस लावून तो मोकळा होतो, आणि आपला सिंह बाटली धुवायच्या ब्रशासारखा दिसायला लागतो. म्हणून सुरुवातीची शहाणी माणसं शक्यतो केसांच्या वाटेला गेलीच नाहीत. पिक्सार कंपनीने 1995 साली पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट काढला तो खेळण्यांचा, 1998 साली दुसरा काढला तो किड्यामुंग्यांचा. दोघांनाही न्हाव्याचं काम पडत नाही. त्याआधी, 1989 साली, जेम्स काजिया आणि टिमोथी के या दोघांनी संगणकावर एक टेडी बेअर केला होता. पण तिथेही युक्ती होती. केस एकेक करून काढलेच नव्हते, केसाळपणाचा एक दाट थरच गणिताने त्याच्या अंगावर चढवला होता. मला ते अस्वल अजून आवडतं. गुबगुबीत आहे, आणि कुणावर गुरगुरायची पाळी त्याच्यावर आली नाही.

मग 2001 साली ‘मॉन्स्टर्स इंक’मधला सली आला. निळा, अगडबंब, जांभळ्या ठिपक्यांचा. त्याच्या अंगावर 23 लाखांच्या वर केस. माणसाच्या डोक्यावर लाखभर असतात. ज्यांच्या असतात त्यांच्या. हे 23 लाख हाताने कोण हलवणार? सली वळला की केस किती मागे राहतील, थांबला की किती डुलतील, याचा हिशेब करायला पिक्सारने ‘फिझ्ट’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला. सलीच्या एकेका चौकटीला संगणक अकरा-बारा तास घ्यायचा, आणि अशा 24 चौकटी मिळून पडद्यावरचा एक सेकंद. एवढं असून लेखकाने त्याला हिमालयात, बर्फाच्या वादळात नेऊन सोडलं. लेखकांचं काय जातं!

माझी भाची मुंबईत हेच काम करते. ‘ग्रूम आर्टिस्ट’ असं तिचं पद आहे. ऑफिसात चालू असलेल्या चित्रपटाचा एक केसही घरी दाखवायची तिला मुभा नाही, म्हणून तिने मला दाखवला तो फावल्या वेळात स्वतःच्या शोरीलसाठी केलेला शेकरू. आधी शेकरू पूर्ण टकला होता. राखाडी, चकचकीत, कानांचे नुसते दोन द्रोण. पाहवेना. मग तिने त्याच्या अंगावर थोडे मोजके केस हाताने रोवले. त्यांना ती मंडळी ‘गाइड’ म्हणतात. नाकाकडून मागे, खांद्यावरून खाली, काखेत वळून, पोटाकडे उतरत, अशी केसांची वाट या गाइडांनी ठरवायची. मधली जागा संगणक भरून काढतो. केस कुठे आखूड, कुठे लांब, कुठे विरळ, कुठे राठ, याचे नकाशे वेगळे रंगवायचे. भीमाशंकरच्या झाडीत क्षणभर दिसून पसार होणाऱ्या त्या प्राण्याच्या कानामागे केसांची दिशा नेमकी कशी वळते, हे तिला तोंडपाठ होतं. सख्ख्या मामाचा भांग कुठल्या बाजूला असायचा, हे मात्र विचारूनही सांगता आलं नाही.

शेकरू झाला. तांबूस पाठ, साईच्या रंगाचं पोट, झुबकेदार शेपूट. मी म्हटलं, “सुंदर! झालं की.”

“कुठे झालं, मामा? आत्ता तर नीट दिसतोय. आता घाण करते.”

आणि तिने खरोखरच तो बिघडवायला घेतला. शेजारशेजारच्या केसांच्या बटा चिकटवल्या, त्या बटांमधल्या काही पुन्हा फोडल्या. शेपटीवर ओळ सोडून बाहेर डोकावणारे चुकार केस सोडले. पाठीवर एका जागी, नुकतंच फांदीला घासून आल्यासारखं, थोडं चेपलं. माझी आई शेजारी बसून हे बघत होती. तिची सगळी हयात पोरींना तेल चोपडून दोन घट्ट वेण्या घालण्यात गेलेली. ती म्हणाली, “अगं, आधी विंचर तरी त्याला. मग विस्कट.” भाचीने सांगितलं, “आजी, विंचरायला दोन दिवस लागले. विस्कटायला दोन आठवडे लागतील.” त्यावर आईने तिच्या पगाराची पुन्हा एकदा चौकशी केली.

विस्कटून भागत नाही, उजेडही पडावा लागतो. केस वरवर बारीक दोरा वाटतो, पण प्रकाशाच्या लेखी ती अर्धपारदर्शक नळी आहे आणि तिच्यावर खवले आहेत. थोडा उजेड वरूनच परततो, तो पांढरा. थोडा आत शिरून, पलीकडच्या भिंतीला आपटून, केसाचा रंग घेऊन परततो. थोडा आरपार जातो. पाठीमागे सूर्य असला की डोक्याभोवती वलय दिसतं ते त्याचं. खवले तिरके असल्यामुळे पांढरी चमक आणि रंगीत चमक केसावर एका जागी पडत नाहीत, किंचित अंतर राखून पडतात. हे सगळं मोजून 2003 साली स्टीव्ह मार्शनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलं, आणि तेव्हापासून पडद्यावरच्या नायिकांचे केस केसांसारखे दिसायला लागले. प्राण्यांना हे गणित जसंच्या तसं लागू पडत नाही. त्यांच्या केसाचा आतला गाभा माणसाच्या केसापेक्षा जाड असतो आणि तो उजेड विखरून टाकतो. हरणाला नायिकेचा शाम्पू चालत नाही, असं समजा.

कुरळ्या केसांची तऱ्हा आणखी वेगळी. 2012च्या ‘ब्रेव्ह’मधल्या मेरिडा या स्कॉटिश राजकन्येच्या लाल केसांनी पिक्सारला रडवलं. बट कुरळी राहावी म्हणून कडक केली तर ती तारेसारखी ताठ उभी राही. मऊ केली तर मेरिडाने घोडा पिटाळल्याबरोबर सरळ होऊन लोंबे. शेवटी प्रत्येक बटेच्या वेटोळ्यातून मधोमध एक अदृश्य दोरा ओवला. दोरा मऊ झुलतो, वेटोळं त्याच्याभोवती आकार सांभाळतं. अशा दीडेक हजार बटा हाताने घडवल्या, त्यांतून लाखाच्या वर केस उगवले. सगळा खटाटोप कशासाठी, तर मुलगी आईचं न ऐकता केस न विंचरता हुंदडते, हे दिसावं म्हणून.

त्याच वर्षी ‘लाइफ ऑफ पाय’मध्ये पुदुच्चेरीच्या मुलाच्या होडीत रिचर्ड पार्कर हा वाघ बसला. काही दृश्यांत खरे वाघ होते, पण बहुतेक ठिकाणी जो बसलाय तो संगणकातला. अंगावर सुमारे एक कोटी केस, आणि तेही भिजणारे. हे काम ‘रिदम अँड ह्यूज’चं. लॉस एंजेलिसची कंपनी, तिच्या शाखा मुंबईत आणि हैदराबादेत होत्या. तेव्हा त्या वाघाला थोडं गाववाल्याच्या नात्याने बघायला आपली हरकत नसावी. फेब्रुवारी 2013मध्ये वाघाला ऑस्कर मिळालं, पण त्याच्या काही दिवस आधी कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला होता. बक्षीस घेताना बिल वेस्टनहोफर कंपनीच्या अडचणीबद्दल बोलू लागले, तेवढ्यात वाद्यवृंदाने ‘जॉज’मधलं शार्कचं संगीत वाजवून त्यांना आवरतं घ्यायला लावलं. वाघ करणाऱ्यांना शार्कने खाल्लं! सभागृहाबाहेर त्या दिवशी याच धंद्यातली शेकडो माणसं निदर्शनं करत उभी होती. एक कोटी केस जागच्या जागी हवेत आणि स्वस्तातही हवेत, हा हिशेब माझ्या आईच्या चौकशीत बसणारा नाही.

केस अंगावर नीट बसले की ते कुणी केले हे कोणी विचारत नाही. फसले की मात्र सगळ्यांना दिसतात. 2019 साली ‘कॅट्स’ चित्रपटात नावाजलेल्या नटनट्यांच्या अंगावर संगणकाने मांजराचे केस उगवले. घाई इतकी, की जुडी डेंचबाईंच्या एका दृश्यात मांजराला माणसाचा हात राहिला, बोटातल्या अंगठीसकट. चित्रपट लागल्यावर सुधारलेली प्रत चित्रपटगृहांना धाडावी लागली. म्हणजे पहिल्या खेळाचं तिकीट काढलेल्यांनी अर्धवट न्हालेलं मांजर पाहिलं.

मी भाचीला सहज विचारलं, की माझं डोकं करायचं झालं तर सोपं जाईल ना? टक्कल नाही म्हणता येणार, पण तिकडे वाटचाल आहे. तिने माझ्याकडे धंद्याच्या नजरेने पाहिलं. “नाही रे मामा. दाट केसांत चार चुका लपतात. तुझ्यात एकेक केस वेगळा दिसतो, आणि खालचं डोकंही दिसतं. मशीनला स्वस्त, पण माणसाला महाग पडशील.”

आईला ऐकू आलं असावं. आतून म्हणाली, “लहानपणीही तसाच होता.”