सावधानकाका

प्रत्येक सोसायटीत पाण्याच्या पंपावर लक्ष ठेवणारे एक काका असतात, गणपतीची वर्गणी गोळा करणारे एक असतात आणि सर्वांना कॉम्प्युटर व्हायरसपासून वाचवणारे एक असतात. पहिल्या दोघांना सोसायटी नेमते. तिसरे स्वयंभू. त्यांना आपण सावधानकाका म्हणू, कारण त्यांच्या एकूण एक ई-मेलचा विषय ‘सावधान’ या शब्दानेच सुरू व्हायचा.

सावधानकाका बहुधा बँकेतून निवृत्त झालेले असतात. आयुष्यभर लोकांच्या सह्या पडताळल्यामुळे संशय हाडीमाशी खिळलेला. मुलगा अमेरिकेला जाताना कॉम्प्युटर ठेवून गेलेला असतो आणि काकूंनी जुन्या पडद्याचं झालरीचं कव्हर त्याला शिवलेलं असतं. त्या खोलीत चपला घालून जायची बंदी. ती धुळीसाठी असेल असं आपल्याला वाटतं. काकांच्या लेखी ती व्हायरससाठीच असते. पासवर्ड टेबलाच्या काचेखाली, मारुतीच्या चित्रामागे. “चोर आला तरी मारुतीला हात लावेल का?” या युक्तिवादाला उत्तर नाही.

आमच्या काकांकडे अँटिव्हायरस दोन होते. एक विकत घेतलेला, मुदत संपलेला. दुसरा भाच्याने कुठल्याशा सीडीवरून घालून दिलेला. हे दोघे मिळून व्हायरस सोडून एकमेकांवरच पाळत ठेवत, त्यामुळे मशीन सुरू होईपर्यंत काकांचा चहा, पेपर आणि शब्दकोडं आटोपायचं. मुदत संपलेला रोज सकाळी लाल खिडकी उघडून ‘नूतनीकरण करा’ म्हणून टाहो फोडायचा. काका ती खिडकी प्रेमाने बंद करायचे. “ओरडतोय ना, म्हणजे जागा आहे!” नव्या व्हायरसांच्या खुणा रोज उतरवून घेतल्या नाहीत तर अँटिव्हायरस म्हणजे गेल्या साली पकडलेल्या चोरांचे फोटो लावून बसलेली पोलीस चौकी, हे त्यांना कोणी पटवू शकलं नाही. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करणाऱ्या कैलास काटकरांनी आणि त्यांच्या भावाने, संजय यांनी, ‘क्विक हील’ कसं उभं केलं, हे मात्र ते डोळ्यांत पाणी आणून सांगत. अभिमान जाज्वल्य, नूतनीकरणाचे पैसे काढायचे म्हटलं की विषय मोदी सरकारपासून मान्सूनपर्यंत कुठेही वळायचा.

काकांच्या या व्रताची सुरुवात झाली ४ मे २००० रोजी. तेव्हा ते नोकरीत होते. त्या दिवशी फिलिपिन्समधून निघालेलं ‘आय लव्ह यू’ नावाचं प्रकरण जगभर पसरलं. ब्रिटिश संसदेलासुद्धा आपली ई-मेल यंत्रणा काही काळ बंद ठेवावी लागली, तिथे आमच्या काकांच्या शाखेची काय कथा! काकांना ‘आय लव्ह यू’ आलं ते थेट कार्मिक विभागाच्या साहेबांकडून. ज्यांनी कधी धड रजा मंजूर केली नव्हती, ते साहेब! मजकूर एवढाच, की सोबत जोडलेलं माझं प्रेमपत्र कृपया पाहावे. या ‘कृपया’ने घात केला. इतक्या अदबीने आलेला कागद काकांनी उभ्या नोकरीत न वाचता बाजूला ठेवला नव्हता. जोडलेल्या फाइलचं नाव ‘लव्ह लेटर फॉर यू डॉट टीएक्सटी’, म्हणजे साधा मजकूर. पुढे ‘डॉट व्हीबीएस’ असं आणखी एक शेपूट होतं आणि खरा डंख तिथेच होता. पण विंडोज मूळ रचनेनुसार ओळखीची शेवटची शेपटं लपवून ठेवायचं. काकांनी उघडलं. त्याने फोटोंच्या फाइलींवर स्वतःलाच लिहून ठेवलं आणि आउटलुकच्या पत्त्यांच्या वहीतल्या प्रत्येकाला काकांच्या नावाने प्रेमपत्र धाडलं. त्यात विभागीय व्यवस्थापक होते, युनियनचे सेक्रेटरी होते आणि ऑडिटवाल्या बाईही होत्या. ऑडिटवाल्या बाईंनी लेखी खुलासा मागवला.

ते प्रकरण रचणारा तरुण पुढे सुटला. तेव्हा फिलिपिन्समध्ये असल्या गुन्ह्याला कायदाच नव्हता. तो नंतर झाला. काका मात्र सुटले नाहीत. ऑडिटच्या खुलाशाने माणूस जसा बदलतो तसा बदल त्यांच्यात झाला. त्यांनी धडा घेतला, फक्त भलताच. अनोळखी माणसापेक्षा ओळखीच्याच नावाने आलेली जोडफाइल आधी तपासावी, त्यालाच फोन करून विचारावं, हा त्यातला धडा होता. काकांनी घेतला तो असा, की आपल्याला कळलेला धोका ताबडतोब सर्वांना कळवला पाहिजे.

मग सुरू झाल्या त्या मेल. ‘सावधान, हा निरोप ओळखीच्या सर्वांना पाठवा.’ १९९९ सालच्या मेलिसा व्हायरसने निदान संयम पाळला होता. तो वहीतल्या पहिल्या ५० पत्त्यांवर थांबायचा. काका थांबत नसत. शिवाय सगळे पत्ते उघड्यावर. बीसीसी नावाची एक जागा असते, तिथे पत्ते घातले तर एकाचा दुसऱ्याला दिसत नाही, असं सांगितलं तर म्हणाले, “अरे, लपवायला आपण काय काळा बाजार करतोय?” २००३ मध्ये आलेला सोबिग नेमका असल्या मेलवर पोसलेला. तो डिस्कवरच्या फाइलींमधून पत्ते वेचायचा आणि त्यांतल्याच एकाचं नाव पाठवणाऱ्याच्या जागी ठोकून द्यायचा. काकांनी त्याच्यासाठी पंगत मांडून ठेवली होती.

कळस झाला २००२ साली, अस्वलाच्या वेळी. मेल आली, की तुमच्या मशीनमध्ये अमुक नावाची फाइल असेल, तिचं चिन्ह छोटं टेडी अस्वल. हा व्हायरस १४ दिवस गप्प बसतो, नामांकित अँटिव्हायरसनाही सापडत नाही. शोधा, पुसा आणि सर्वांना कळवा. काकांनी शोधलं आणि काय आश्चर्य, अस्वल सापडलं! सापडणारच होतं. ती विंडोजबरोबरच आलेली निरुपद्रवी फाइल होती. जावामध्ये काम करणाऱ्या थोड्या लोकांखेरीज तिची कोणाला गरज नव्हती. पण काकांना पुरावा मिळाला. संध्याकाळी ते तिन्ही विंग फिरले आणि घरोघरची अस्वलं मारून आले. काकू तेवढ्या हळहळल्या. “अहो, राहू द्यायचं होतंत की, गोड दिसत होतं!” १४ दिवस गेले, कोणाचंच काही बिघडलं नाही आणि काकांची कीर्ती दुणावली.

माझ्या मते तो जगातला सर्वांत स्वस्त व्हायरस होता. प्रेमपत्रवाल्याला निदान चार ओळी व्हिज्युअल बेसिक लिहावं लागलं. इथे फाइल पुसायचं काम काकांचे हात करत होते, पसरवायचं काम काकांची कळकळ. कुठल्याही अँटिव्हायरसला यात पकडण्यासारखं काही नव्हतं. काका तर चपलासुद्धा बाहेर काढून आलेले.

आता काका ऐंशीच्या घरात आहेत. कॉम्प्युटर माळ्यावर गेला, हातात मोबाइल आला. २०२४ च्या लग्नसराईत व्हॉट्सअॅपवर पत्रिका येऊ लागल्या, त्यांच्या शेपटाला ‘एपीके’. उघडलं की ती पत्रिका नसतेच. ते फोनमध्ये शिरणारं अॅप असतं, बँकेचे ओटीपी वाचणारं. चोवीस वर्षांत प्रेमपत्राची लग्नपत्रिका झाली, प्रकरण मार्गी लागलं म्हणायचं! काकांनी या वेळी ती उघडली नाही, हे त्यांच्या बाजूने नमूद केलं पाहिजे. त्यांनी ती सोसायटीच्या ग्रुपवर टाकली. खाली लिहिलं, ‘सावधान. अशी फाइल आल्यास उघडू नये. सर्वांच्या माहितीसाठी नमुना सोबत जोडला आहे.’ सात जणांनी नमुना उघडून पाहिला.

तेव्हा वाचकहो, खरी लग्नपत्रिका फोटो किंवा पीडीएफ म्हणून येते, तिला ‘इन्स्टॉल’ करावं लागत नाही. नावापुढे एपीके दिसलं तर पाठवणाऱ्याला फोन करा आणि लग्न कोणाचं ते विचारा. पैसे गेलेच असतील तर वेळ न घालवता १९३० हा नंबर फिरवा. काकांना सांगायचं झालं तर जिना चढून जा आणि तोंडी सांगा. लेखी काहीही त्यांच्या हाती देऊ नका.