फ्रेमसकट कितीला?

कॅमेरा विकत घेतला म्हणून कुणी फोटोग्राफर होत नाही. तो नुसता हप्ते भरणारा होतो. फोटोग्राफर होण्याचा मुहूर्त आठवड्याभराने लागतो, वॉटरमार्क तयार झाला की. आडनावापुढे ‘फोटोग्राफी’, ‘क्लिक्स’ किंवा ‘फ्रेम्स’ जोडायचं, शेजारी अॅपर्चरच्या पात्यांचं गोल चिन्ह टाकायचं आणि हे सगळं फोटोच्या मधोमध चिकटवायचं, कुणी चोरू नये म्हणून. पहिली काही वर्षं त्या फोटोत चोरण्यासारखं ते चिन्हच असतं, आणि तेही त्याने दुसरीकडून उचललेलं असतं.

पुण्यात ही जात मुबलक. सोमवार ते शुक्रवार आमचा नायक हिंजवडीत नोकरी करतो आणि मीटिंगमध्ये समोरच्याच्या गालावर खिडकीतून पडलेला उजेड बघत बसतो. शनिवारी रात्री घरातले सगळे प्लग पॉइंट त्याच्या बॅटऱ्यांनी अडवलेले असतात. शाळेत असताना ज्याला आईने सातला हाका मारमारून घसा बसवला, तो रविवारी पहाटे साडेतीनला दात घासून सोलापूर रस्त्याला लागतो. कारण भिगवण.

भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात आणि त्यांच्या मागोमाग फोटोग्राफर. कुंभारगावच्या काठावरून नाव निघते. नावेत सहा जण, सहा लेन्स, आणि सगळ्यांना हवा असतो एकच क्षण: रोहित पाण्यावरून धावत उडतो तो. नाव वल्हवणाऱ्याला उजेडातलं या सहाही जणांपेक्षा जास्त कळतं. ‘साहेब, ऊन पाठीवर घ्या, नाहीतर काळा येईल,’ असं तो दोनदा सांगतो. साहेब मात्र त्याच वेळी ‘बॅकलाइट’ नावाचा प्रयोग करत असतात. रोहिताला गुलाबी रंग येतो तो खाण्यातल्या शेवाळामुळे आणि पाण्यातल्या बारीक जिवांमुळे. आमच्या नायकाच्या रोहिताला तो सॅच्युरेशनच्या पट्टीमुळे येतो. ती पट्टी तो रात्री एक वाजेपर्यंत उजवीकडे ढकलत बसतो.

त्याचं पंचांग वेगळं असतं. पावसाआधी राजमाचीचे काजवे, आषाढी वारीला दिवे घाट, सप्टेंबरात कास, मग विसर्जन, आणि सोमवती अमावास्या आली की जेजुरी. जेजुरीचा भंडारा लेन्सच्या रिंगेत जाऊन बसतो आणि पुढे कित्येक महिने झूम फिरवला की करकर वाजतं. हा आवाज तो चारचौघांत अभिमानाने ऐकवतो. दिवे घाटात माउलींची पालखी वळण घेऊन वर येते तेव्हा डोंगराच्या उतारावर फोटोग्राफरांचीच एक दिंडी उभी असते. तिथे त्याला एक म्हातारी वारकरी हवी असते. चेहऱ्यावर सुरकुत्या भरपूर, फोटो कृष्णधवल, शीर्षक ‘श्रद्धा’. एकटा माणूस पाठमोरा बसलेला दिसला तर ‘एकांत’, बाकावर बसलेला असेल तर ‘प्रतीक्षा’. तो माणूस बहुधा एसटीची वाट बघत असतो. म्हणजे शीर्षक तसं चुकत नाही.

इथवर सगळं सुखाचं. मग कुणीतरी विचारतं, ‘पोर्टफोलिओ आहे का?’ आणि त्याची झोप उडते.

हार्ड डिस्कवर तीस हजार फोटो असतात. पोर्टफोलिओ म्हणजे त्यातले वीस, फार तर पंचवीस. चार रात्री जागून तो तीनशे चाळीसपर्यंत खाली येतो आणि तिथे अडतो. माझं निरीक्षण असं, की या जातीला दोन गोष्टी जमत नाहीत: फोटो खोडणं आणि पैसे सांगणं. शटर दाबायला पाव सेकंदही लागत नाही. डिलीट दाबायला त्याला जन्म पुरत नाही. ‘हा कसा काढू? यासाठी मी संदकफूला उणे तापमानात उभा होतो.’ ‘याच्यासाठी पायाला जळू लागली होती.’ फोटोला मार्क मिळतात ते काढणाऱ्याच्या हालअपेष्टांचे. बघणाऱ्याला जळू दिसत नाही, थंडी वाजत नाही. त्याला एक वाकडं क्षितिज आणि त्यावर एक ठिपका दिसतो. तो ठिपका गरुड आहे हे सांगायला नायक स्वतः प्रत्येक फोटोशेजारी उभा राहू शकत नाही, ही त्याची खरी अडचण.

मग सल्लामसलत. मित्रांना फोटो दाखवले की ‘भारी!’ एवढंच येतं, तेही तीन फोटो बघायच्या आत. आई सगळे बघते, शांतपणे बघते आणि विचारते, ‘यात तू कुठे आहेस रे?’ शेवटी तो एका जुन्या जाणत्याकडे जातो. हे गृहस्थ रोलच्या काळातले. रोलला छत्तीस फोटो, धुण्याचे पैसे वेगळे, त्यामुळे बोट आपोआप आवरतं धरायची सवय. ते एक शब्द न बोलता तीनशे चाळीस फोटो सरकवतात, चष्मा काढून पुसतात आणि म्हणतात, ‘वीस घेऊन या. रोहित एकच ठेवा.’ घरी येईपर्यंत नायकाने ठरवलेलं असतं, की या पिढीला डिजिटल कळलेलं नाही.

खरं तर म्हाताऱ्याचं म्हणणं अगदी सरळ होतं. पोर्टफोलिओ बघणारा तुमच्या सगळ्यात चांगल्या फोटोने खूश होतो आणि सगळ्यात वाईट फोटोवरून तुम्हाला जोखतो. अन्सेल अॅडम्सने १९४१ साली न्यू मेक्सिकोत हर्नांडेझ नावाच्या गावावर उगवलेला चंद्र टिपला. त्या एका निगेटिव्हचे त्याने पुढे अनेक वर्षं, पुन्हा पुन्हा, हजाराहून अधिक प्रिंट काढले. आमच्या नायकाचा हिशेब नेमका उलटा: फोटो तीस हजार, प्रिंट शून्य.

शून्याचा एक होतो तो दिवस मोठा हृदयद्रावक असतो. लॅबमधून बारा बाय अठराचा प्रिंट येतो, नायक तो दुकानातच उघडतो आणि ओरडतो, ‘काळा आलाय!’ काउंटरवरचा माणूस हे वाक्य रोज ऐकतो. तो शांतपणे म्हणतो, ‘फाइलच काळी आहे, सर.’ स्क्रीन मागून उजळलेली असते, त्यात लॅपटॉपचा ब्राइटनेस शंभरावर. कागदाला स्वतःचा दिवा नसतो, त्याच्यावर जेवढा उजेड पडेल तेवढाच तो परत देतो. शिवाय सॅच्युरेशनच्या पट्टीने आणलेला तो जहाल गुलाबी शाईत मिळतच नाही. मॉनिटर कॅलिब्रेट करायचं एक यंत्र मिळतं हे त्याला तेव्हा कळतं, आणि त्याची किंमत कळल्यावर तो पुन्हा विसरतो.

मग मोजमापाचं संकट. कॅमेरा चोवीस मेगापिक्सेलचा, म्हणजे ६००० बाय ४००० पिक्सेल. इंचाला ३०० धरले तर वीस इंच रुंद प्रिंट निर्धास्त निघतो. पण रोहित लांब होता. तो ‘जवळ आणायला’ नायकाने चारही बाजूंनी इतकी कात्री लावलेली असते, की उरतात पंधराशे पिक्सेल. म्हणजे पाच इंच. त्याला मात्र हा पक्षी दिवाणखान्यात, सोफ्याच्या वर, तीन फुटी हवा असतो. आठ बाय दहाची तयार फ्रेम आणावी तर कॅमेऱ्याचा फोटो असतो तीनास दोन. एकतर चोच कापा नाहीतर शेपूट. फ्रेमवाला अनुभवी. त्याच्या दुकानात लक्ष्मी, गणपती आणि कैलासवासी आजोबा एका रांगेत टेकवलेले असतात. तो रोहित उलटासुलटा बघतो आणि विचारतो, ‘हार लावायला खिळा ठेवू का?’

मॅट की ग्लॉसी या प्रश्नावर आमचा नायक अर्धा तास बोलू शकतो. ‘कितीला?’ या प्रश्नावर त्याला एक वाक्य पुरं करता येत नाही. प्रिंट, माउंट, काच, फ्रेम धरून त्याला पदरचे साडेअकराशे पडलेले असतात. समोरच्याने किंमत विचारली की तो आधी खाली बघतो, मग लेन्सकडे बघतो आणि म्हणतो, ‘हजार... म्हणजे तुम्हाला आठशे... नाहीतर असाच घेऊन जा ना.’ कॅमेऱ्याचे हप्ते, पेट्रोल, नाववाल्याचे पैसे आणि पहाटेची झोप या हिशेबात येतच नाहीत. ती कला.

नातेवाईक तर किंमतही विचारत नाहीत. मामा म्हणतात, ‘अरे, फ्रेमबिम कशाला? फाइल व्हॉट्सअॅपवर टाक, आम्ही करून घेतो प्रिंट.’ आत्या पुढची पायरी गाठते. तिने परस्पर घेतलेला फोटो वॉटरमार्क कापून, वर गुलाबाचं फूल आणि ‘शुभ सकाळ’ लावून, तीन गावं फिरून कुटुंबाच्या ग्रुपवर परत येतो. नायक खवळतो. १९५७ चा कॉपीराइट कायदा, फोटोग्राफरच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क, वगैरे सगळं तो ग्रुपवर लिहितो. आत्या अंगठा दाखवून मोकळी होते. याच कायद्यात असंही आहे, की कुणी पैसे देऊन फोटो काढून घेतले आणि वेगळा करार केला नाही, तर पहिला हक्क पैसे देणाऱ्याचा. हे कलम तो वाचतो पहिल्या लग्नाची ऑर्डर घेतल्यावर, नवरीकडच्यांनी अल्बमच्या सगळ्या फाइल्स मागितल्या तेव्हा.

एखादी पतसंस्थाही त्याला गाठते. कॅलेंडरला फोटो हवा असतो, पैसे नसतात, ‘पण तुमचं नाव टाकू’. नाव पडतं ते तारखांच्या खाली, इतक्या बारीक टायपात की ते वाचायला त्याचीच मॅक्रो लेन्स लागते. तरी ते कॅलेंडर त्याच्या घरी चार खोल्यांत लागतं.

अशा वेळी त्याला धीर देतो तो आंद्रेआस गुर्स्की. त्याचा ऱ्हाइन नदीचा फोटो २०११ साली न्यूयॉर्कला लिलावात ४३ लाख डॉलरला गेला, हे आमच्या नायकाने इतक्या जणांना सांगितलेलं असतं की त्याच्या इमारतीच्या वॉचमनलाही आकडा पाठ आहे. हिरवे काठ, मधे करडी नदी, वर करडं आभाळ, बास. ‘असे भीमेचे माझ्याकडे चाळीस आहेत.’ आहेतही. फरक इतकाच, की गुर्स्कीचे प्रिंट मोजके आहेत, आणि चाळिसातला कुठला ठेवायचा ते याला ठरवता येत नाही. तरी त्याने धडा घेतला. प्रिंटच्या खाली पेन्सिलने १/१० असं लिहून सही करायला तो शिकला. दहा प्रिंट काढलेही. दोन ते दहा क्रमांकाचे पलंगाखाली आहेत.

यथावकाश प्रदर्शन भरतं. मुंबईत जहांगीरला नंबर लागायला वर्षं जातात, म्हणून सहा जण वर्गणी काढून बालगंधर्वचं कलादालन घेतात. प्रमुख पाहुणे उशिरा येतात आणि स्वतःच्या पहिल्या कॅमेऱ्यावर, म्हणजे आग्फा क्लिक थ्रीवर, भरभरून बोलतात. भिंतीकडे त्यांची पाठ असते. मग लोक येतात. काही ओळखीचे, काही नाटकाला लवकर आलेले, काही पाऊस थांबेपर्यंत. प्रत्येक जण फोटोसमोर उभा राहून तोच प्रश्न विचारतो, ‘कॅमेरा कोणता?’ अभिप्रायाच्या वहीत ‘सुंदर! असेच काढत राहा’ अठरा वेळा आणि ‘पार्किंगची सोय हवी’ एकदा.

विक्रीचं म्हणाल तर रोहितासमोर एक बाई बराच वेळ थांबल्या. नायकाचा श्वास अडकला. ‘छान आहे,’ त्या म्हणाल्या, ‘पण आमच्या सोफ्याला निळा जातो. निळ्यात आहे का हा?’ अखेर प्रिंट विकला गेला तो तिसऱ्या दिवशी, एका दंतवैद्याला. त्याला दवाखान्यात बाहेरच्या खोलीत लावायला काहीतरी शांत हवं होतं, पेशंटला ड्रिल ऐकू येत असताना बघता येईल असं. त्याने निवडलेला फोटो सिंहगडावरचा धुक्याचा. खरं सांगायचं तर त्यात धुकं निम्मंच आहे, बाकीचं लेन्सच्या काचेवर जमलेलं बाष्प. कोपऱ्यातली रिकामी जागा भरायला तो टांगला होता. शीर्षक ‘विरक्ती’. डॉक्टरांनी ‘फ्रेमसकट कितीला?’ विचारलं तेव्हा नायकाच्या तोंडून घाबरून ‘अडीच हजार’ निघून गेलं आणि पुढचं ‘म्हणजे तुम्हाला’ म्हणायच्या आत डॉक्टरांनी मोबाइल काढून पैसे पाठवलेसुद्धा. व्यवहार मुख्यतः बोलती बंद झाल्यामुळे पार पडला.

तेव्हापासून तो बराच सुधारलाय असं ऐकतो. किंमत छापील चिठ्ठीवर लिहून फोटोखाली लावतो, म्हणजे तोंडाने सांगावी लागत नाही. पोर्टफोलिओ साठावर आलाय. जुन्या गृहस्थांनी तो बघून चष्मा काढला नाही, ही प्रगतीच.

तुम्ही अशा एखाद्या प्रदर्शनात गेलात तर कॅमेरा कोणता ते विचारू नका. तो सांगेल, आणि मग लेन्सही सांगेल. फाइल मागू नका. एखादा फोटो आवडला तर चिठ्ठीवरची किंमत मुकाट्याने द्या, घासाघीस मंडईसाठी राखून ठेवा. आणि घरी लावताना त्या भिंतीवर थेट ऊन येत नाही ना, तेवढं बघा. उन्हाने रंग उडाला आणि त्याच्या कानावर गेलं, तर तो बदलून द्यायला नक्की येईल. एकटा येणार नाही, ट्रायपॉड घेऊन येईल आणि तुमच्या आजीला खिडकीजवळ बसवेल.