तीन तांबे पाणी

निवृत्तीच्या समारंभात अप्पांना शाल, श्रीफळ आणि फायकसचं वीतभर बोन्साय मिळालं. शाल कपाटात गेली, नारळाच्या वड्या झाल्या, झाड बाल्कनीत आलं. तिसऱ्या आठवड्यात ते पिवळं पडू लागलं.

सोसायटीत सल्ल्याला मेंटेनन्स लागत नाही. तळमजल्यावरच्यांनी ताक घालायला सांगितलं, समोरच्या वहिनींनी चहाचा चोथा, मेहुण्यांनी दृष्ट काढायला. अप्पांनी तिन्ही केलं. झाड आणखी पिवळं झालं.

अप्पांचा जन्म बँकेत लेजर तपासण्यात गेलेला. त्यांनी पानंही तशीच तपासली. खालची जुनी पानं आधी पिवळी पडली, तर बहुधा नत्र कमी. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, तर लोहाची अडचण. बोअरच्या जड पाण्याने कुंडीत क्षार साठले की मातीत लोह असूनही मुळांना ते उचलता येत नाही. खात्यात पैसे आहेत, पण सही जुळत नाही. शिवाय फायकसची जागा बदलून त्याला कमी उजेडात ठेवलं, तर ते रुसून पानं गाळतं.

इथे मात्र वरची, खालची, मधली, सगळीच पानं पिवळी.

शेवटी अप्पांनी वर्तमानपत्र अंथरलं आणि झाड कुंडीतून अलगद काढलं. माती चिकट, गच्च ओली. मुळं काळी. एक मूळ चिमटीत धरून ओढलं तर साल मोज्यासारखी निघून आली, आत नुसता दोरा. वास थेट गटाराचा.

मग घरात चौकशी बसली. सकाळी अप्पा एक तांब्या घालत. दुपारी कामाच्या मावशी, ‘सुकलंय बिचारं’ म्हणून. संध्याकाळी माई, तुळशीला घालता घालता. कुंडीत माती जेमतेम दोन वाट्या, खालची ताटली कायम भरलेली. मातीतल्या हवेची जागा पाण्याने घेतली की मुळं गुदमरतात, कुजतात. कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही, म्हणून बुडालेलं झाड तहानलेलं दिसतं आणि बघणारा कनवाळू माणूस आणखी एक तांब्या ओततो.

नुसतं पाणी घालायला शिकण्यातच तीन वर्षं जातात, असं जपानी बोन्सायवाले म्हणतात ते उगाच नाही. हिरोशिमाच्या यामाकी कुटुंबाचं, १६२५ पासून जोपासलेलं पाइनचं बोन्साय १९४५चा अणुबॉम्ब तीनेक किलोमीटरवरून सोसून उभं राहिलं. १९७६ साली अमेरिकेला भेट गेलं, आजही वॉशिंग्टनमध्ये आहे. अप्पांचं झाड तीन तांब्यांपुढे हरलं.

पुरतं नाही हरलं. काळी मुळं कापून विटांचा चुरा, जाड वाळू आणि थोड्या कोकोपीटमध्ये ते पुन्हा लावलं. ताटली काढली, खत बंद. मातीत आइस्क्रीमची काडी खुपसायची. कोरडी निघाली तरच पाणी, तेही फक्त अप्पांनी. दीड महिन्यात शेंड्याला पोपटी पानं आली.

परवा खालचं एक पान पिवळं झालेलं बघून तळमजल्यावरचे पुन्हा ताकाचं भांडं घेऊन आले.

“ते वयाने पिकलंय,” अप्पा म्हणाले. “ताक आत द्या, मी पितो.”